सरकारांचं पोट

उत्तरायणाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता बडोद्यात कोणी खाली रस्त्यावर दिसत नाही. सगळं गाव गच्चीवर असतं. खाली फक्त तुटलेल्या पतंगांमागे धावणारी पोरं, फुटपाथवर झोपलेली कुत्री आणि यंदाच्या वर्षी मी. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये एका माशाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ, आणि मनात एकच प्रश्न : आज माशाचा डॉक्टर कुठे मिळेल?

आपल्या अंकासाठी ‘माझं गाव’ या विषयावर लिहायचं ठरलं, तेव्हा लक्ष्मीविलास पॅलेस, सूरसागर, भाखरवडी असं काहीतरी लिहीन असं वाटलं होतं. पण माझ्या गावाची मला नव्याने ओळख झाली ती त्या सकाळच्या अडीच किलोमीटर चालण्यात. म्हणून तेच लिहिते.

आमचं घर दांडिया बाजारात. पणजोबांचे वडील गायकवाडांच्या नोकरीत आले आणि मग कोणी परत गेलंच नाही. आता त्या घरात आजोबा, काका-काकू आणि माझा दहा वर्षांचा चुलतभाऊ राहतात. आई-बाबा सुरतेला, मी नोकरीसाठी बंगळूरला. संक्रांतीला दहा दिवसांची रजा काढून मी घरी आले, तेव्हा दिवाणखान्यात, आजोबांच्या आरामखुर्चीशेजारच्या स्टुलावर नवे पाहुणे बसले होते. लोणच्याच्या मोठ्या बरणीएवढ्या काचेच्या भांड्यात एक निळा मासा. शेपूट आणि पर असे, की कोणी निळी पैठणी पाण्यात सोडली आहे असं वाटावं. चुलतभावाला दिवाळीत मिळाला होता. नाव ‘सरकार’. हे नाव आजोबांनी ठेवलेलं. “बडोद्यात सरकार एकच,” ते म्हणाले, “आणि ते आता या बरणीत आहेत.”

हा मासा म्हणजे बेट्टा. मूळचा थायलंडचा, म्हणजे जुन्या सयाम देशातला. तिथल्या भातखाचरांत, दलदलीत, उथळ कोमट पाण्यात राहणारा. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला आहे. नर एकमेकांना बघितलं की जिवावर उठतात, म्हणून एका भांड्यात एकच नर ठेवायचा. कल्ल्यांखेरीज त्याला हवेतून श्वास घेण्याचा एक वेगळा अवयव असतो, त्यामुळे तो मधून मधून वर येऊन हवेचा घोट घेतो. एवढ्यामुळेच लोकांचा समज होतो की हा छोट्याशा बरणीत, कुठल्याही पाण्यात मजेत राहतो. तो जगतो हे खरं. मजेत राहतो हे खरं नाही. हे मला नंतर कळलं.

काकूचं माहेर अहमदाबादचं. उत्तरायणाला तिकडे जायचं हा त्यांचा दर वर्षीचा नेम. बारा तारखेला संध्याकाळी ती तिघं निघाली. निघताना चुलतभावाने मला बजावलं, “ताई, सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन दाणे. जास्त नाही. आणि आजोबांशी त्याला बोलू दे, त्याला आवडतं.”

तेरा तारखेला सरकार जरा सुस्त वाटले. मी फारसं लक्ष दिलं नाही. गेंडीगेटच्या बाजारातून पतंग आणायचे होते, फिरकी भरायची होती, मटार सोलायचे होते. चौदाला सकाळी उठून बघते तर सरकार पाण्याच्या वरच्या थरात एका कुशीवर तरंगत होते. पोट टम्म फुगलेलं, एखाद्या बोराएवढं. खाली जायचा प्रयत्न करत, पर हलवत, आणि पुन्हा बुचासारखे वर येत. आजोबा शेजारी बसून त्यांच्याशी बोलत होते, “काय झालं सरकार? आज दरबार आडवा कसा?”

मी काकूला फोन केला. तिकडे मागे स्पीकर आणि ‘काइपो छे’चा ओरडा. तिने सांगितलं, मटाराचा दाणा उकडून साल काढून दे, तिच्या माहेरी गोल्डफिशला देतात. चुलतभावाला मात्र सांगितलं नाही. तो धाब्यावर होता. त्याचा सण कशाला घालवा, असं आम्ही दोघींनी ठरवलं. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आपल्या भरवशावर ठेवलेला जीव आपल्या हातून गेला, हे दहा वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं?

मासेवाल्याचं दुकान बंद. ते वासी उत्तरायणनंतरच, म्हणजे सोळा तारखेला उघडणार. ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांचा फोन उचलला गेला नाही. शेजारच्या गच्चीवरून एका काकांनी खाली वाकून सांगितलं, “अगं, आज सगळे डॉक्टर पक्ष्यांच्या तंबूत असतील. कमाटीबागेकडे जा.”

उत्तरायणाला मांजाने पक्षी कापले जातात. त्यांच्यासाठी गुजरातेत दर जानेवारीत करुणा अभियान चालतं. जागोजागी पक्ष्यांवर उपचाराची सोय असते, स्वयंसेवक असतात. मी व्हिडिओ काढला, चप्पल घातली आणि निघाले.

लहानपणी याच रस्त्याने आजोबांचं बोट धरून कमाटीबागेत जायचे. सूरसागरच्या काठाने वळायचं, तळ्यातल्या शंभर फुटांहून उंच महादेवाला लांबूनच नमस्कार करायचा, मग रावपुरा. एरवी रावपुऱ्यात दोन माणसांना शेजारी शेजारी चालता येत नाही. त्या दिवशी रस्ता मोकळा आणि आभाळ गच्च. टॉवरच्या घड्याळापाशी विजेच्या तारांवर एवढे पतंग अडकलेले, की दिवाळीची तोरणं उतरवायची राहून गेली असं वाटत होतं. चिमणाबाई राणीसाहेबांच्या नावाने १८९६ मध्ये उभारलेला हा टॉवर. आजोबा दर वेळी इथे थांबून स्वतःचं घड्याळ जुळवायचे आणि दर वेळी मला सांगायचे, टॉवरचं चुकीचं असलं तरी आपण जुळवायचं, कारण बस टॉवरच्या वेळेवर सुटते.

कोठीवरून सयाजी हॉस्पिटल मागे टाकून काळ्या घोड्याशी आले. घोड्यावर बसलेले सयाजीराव महाराज, आणि पुढे विश्वामित्रीचा पूल. पुलावर पाच-सहा माणसं वाकून खाली बघत होती. नदीच्या काठावर, चिखलात, एक मगर ऊन खात पडली होती. विश्वामित्रीत मगरी आहेत हे आम्हा बडोदेकरांना नवीन नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवायची ती हक्काची जागा. हिवाळ्यात त्या हमखास बाहेर येतात. शेजारचे एक आजोबा आपल्या नातवाला सांगत होते, “तिला आतून ऊब नसते रे. उन्हात पडली नाही तर खाल्लेलं पचत नाही.”

मी तिथेच थांबले. माशाचंही रक्त थंडच. मगर निदान नदीतून वर येऊन उन्हात पडू शकते. सरकार बरणीतून कुठे जाणार? आमचा दिवाणखाना उत्तरेकडचा. जानेवारीच्या रात्री तिथे आम्ही दोन गोधड्या घेतो.

तंबूत मोठी गडबड होती. पुठ्ठ्याच्या खोक्यांत भोकं पाडून कबुतरं ठेवलेली, एक घार टॉवेलात गुंडाळलेली, आणि लांब टेबलावर एका काळ्या शराटीच्या पंखाला टाके घालणं चाललं होतं. मला एकदम लाज वाटली. रक्ताने भिजलेल्या पंखांपुढे मी बद्धकोष्ठ झालेल्या माशाचा व्हिडिओ काय दाखवणार? परत फिरणार एवढ्यात एक तरुण डॉक्टर हातमोजे काढून पाणी प्यायला बाहेर आली. माझ्या वयाचीच असेल. मी चाचरत सांगितलं. ती हसली नाही. व्हिडिओ दोनदा बघितला.

“वरथी जोयुं?” तिने विचारलं. वरून बघितलंस का? वरून बघितल्यावर खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिलेले दिसले तर ते वेगळं दुखणं, अंगात पाणी भरल्याचं, त्यातून मासे सहसा वाचत नाहीत. खवले सपाट असतील तर बहुतेक पोट गच्च झालंय. फुगलेलं पोट आतल्या हवेच्या पिशवीला दाबतं, म्हणून तोल जातो आणि मासा आडवा तरंगतो.

मी तिथूनच घरी फोन लावला. “आजोबा, भिंग घ्या आणि सरकारांना वरून बघा. खवले उभे आहेत का सपाट?”

बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग आजोबांचा जुना, कामावरचा आवाज. “खवले सपाट. अंगालगत. रंग ठीक. डोळे बाहेर आलेले नाहीत. फुगवटा फक्त पोटाखाली, दोन्ही बाजूंना सारखा.” आजोबांनी पस्तीस वर्षं औषधांच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली आहेत. अहवाल द्यायला ते चुकत नाहीत.

डॉक्टरने मान हलवली आणि भराभर सांगितलं. मी मोबाईलवर टिपून घेतलं. तीन दिवस काहीही खायला द्यायचं नाही, मोठा मासा तेवढा उपास सहज काढतो. पाणी हळूहळू कोमट करायचं, तासाला एखादा अंश, सव्वीस-सत्तावीसपर्यंत. पाण्याची उंची कमी ठेवायची, म्हणजे हवेसाठी वर येताना दम लागत नाही. मटार नको; गोल्डफिश पालाभाजी खातो, हा किडे खाणारा, याला मटार पचायला उलट जड. आणि एप्सम सॉल्टची आंघोळ : चार लिटर पाण्याला चहाचा एक सपाट चमचा, दिवसातून एकदा, दहा ते पंधरा मिनिटं, समोर बसून. मासा कासावीस झाला तर लगेच बाहेर. “आणि खायचं मीठ नाही हं. सैंधव नाही, काळं मीठ नाही. ते वेगळं.”

मग तिने विचारलं, “केटला दाणा आपो छो?”

“सकाळी दोन, संध्याकाळी दोन.”

तिने पुन्हा व्हिडिओ बघितला. “एवढ्याने असं पोट होत नाही. घरात अजून कोणी घालत असेल. विचारून बघ.” मग आतून हाक आली आणि ती गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी पुन्हा फोन लावला. “आजोबा, सरकारांना काही खायला घालू नका बरं का.”

“कुठे घातलंय? तू गेल्यापासून बिचारा उपाशी आहे.”

मी निघाले त्याला पाऊण तास झाला होता.

हॉस्पिटलसमोरचं औषधांचं दुकान सणालाही उघडं असतं. पहिल्या दुकानात ‘मीठ’ म्हटल्यावर त्यांनी जुलाबावरची पुडी पुढे केली, ओआरएसची. दुसऱ्या दुकानात एप्सम सॉल्ट म्हटल्यावर विचारलं, “पाय शेकायला?” मी हो म्हटलं. मासा म्हटलं असतं तर उशीर झाला असता.

घरी आले. बरणीजवळ गेले आणि बघितलं, तर सरकारांच्या शेजारी पाण्यावर चार दाणे तरंगत होते. फुगून मऊ झालेले. डबीचं झाकण उघडं.

“आजोबा, हे कोणी घातलं?”

आजोबांनी दाण्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. चेहऱ्यावर काहीही लपवल्याचा भाव नव्हता. “तूच घातलं असशील, बाळ.”

मी दाणे चमच्याने काढले. डबी हातात घेतली. दिवाळीत आणलेली, एका माशाला वर्षभर पुरेल एवढी. तळ दिसत होता.

आणि मग आदल्या चार दिवसांतल्या बारीकसारीक गोष्टी माझ्या डोळ्यांपुढे एका ओळीत उभ्या राहिल्या. त्या दिवशी सकाळी आजोबांनी मला तिळगूळ दिला होता. तीनदा. तिन्ही वेळा ‘गोड बोल’ म्हणून डोक्यावर हात ठेवला होता, आणि मला ते लाड वाटले होते. बंगळूरला थंडी असते का, हे त्यांनी रोज विचारलं होतं. दूधवाल्याचे पैसे दिले की नाही यावरून काकूचं आणि त्यांचं कधीतरी वाजलं होतं, ते ती फोनवर हसत सांगत होती. काका-काकू दिवसभर कामावर, मुलगा शाळेत. दुपारभर घरात आजोबा आणि सरकार दोघंच. खुर्चीतून मान वळवली की मासा दिसणार. मासा माणूस दिसला की काचेपाशी येतो, पर फडफडवतो. त्याला भूक लागली असं कोणालाही वाटेल. मग दोन दाणे. थोड्या वेळाने पुन्हा मान वळली की पुन्हा पहिल्यांदाच. बेट्टा पाळणारे सांगतात की त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. कोरडे दाणे पोटात गेल्यावर आणखी फुगतात. त्यात थंडीने पचन मंदावलेलं.

मी काही बोलले नाही. आधी सरकारांचं बघायचं होतं.

एप्समची पिशवी बघितल्याबरोबर आजोबा खुर्चीत सरळ बसले. “मॅगसल्फ! मॅग्नेशियम सल्फेट. सात रेणू पाण्याचे धरून. आण इकडे.” कपाटातून त्यांनी त्यांचा जुना थर्मामीटर काढला, लांब, काचेचा, निवृत्तीच्या वेळी आणलेला. बरणीत धरला. एकोणीस. “फार थंड,” ते म्हणाले. “एकदम गरम पाणी ओतू नकोस, मरेल. वॉटर बाथ करू.” माळ्यावरून पणजीचं तांब्याचं घंगाळ काढलं. त्यात कोमट पाणी आणि मधोमध सरकारांची बरणी. तांबं माशाला विषारी, तेव्हा घंगाळातलं पाणी बरणीत थेंबभरही जाता कामा नये, हे मला आजोबांनीच सांगितलं. दर अर्ध्या तासाने थर्मामीटर, दर तासाला घंगाळात एक तांब्या गरम पाणी. दुपारी चारला सव्वीस झालं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आदल्या रात्री भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी घेतलं. दोन्ही पाण्यांचं तापमान एक करून आंघोळ दिली. आजोबा घड्याळ धरून बसले. बारा मिनिटं. बाहेर सबंध दांडिया बाजार ओरडत होता, आणि आम्ही दोघं श्वास रोखून एका पातेल्याकडे बघत होतो. मॅगसल्फ का लागू पडतं तेही त्यांनी सांगितलं : आतल्या गाठी सैल करतं, सूज आलेल्या भागातलं पाणी ओढून घेतं. माणसाला पोटासाठी तेच द्यायचे जुने डॉक्टर. साठ वर्षांपूर्वी शिकलेलं सगळं जागच्या जागी. आणि मी जेवणाची ताटं घ्यायला उठले, तेव्हा त्यांचा हात सहज डबीकडे गेला.

मी डबी उचलून स्वयंपाकघरात नेली. साखरेच्या डब्यामागे लपवताना मला फार वाईट वाटलं. लहान मुलापासून लपवतात तशी मी माझ्या आजोबांपासून वस्तू लपवत होते.

त्याच वेळी शेजारी त्यांच्या गोळ्यांची पिशवी दिसली. रक्तदाबाच्या गोळ्या, सकाळी एक. पट्टीवर मागच्या बिलाची तारीख होती. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. असायला हव्या होत्या त्यापेक्षा सहा कमी होत्या.

माशाला चार दाणे जास्त गेले तर तो आडवा होतो. माणसाला रक्तदाबाची गोळी दोनदा गेली तर? मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

रात्री आम्ही दोघं गच्चीवर गेलो. तुक्कल उडत होते, पतंगाच्या दोरीला बांधलेले कंदील, अंधारात एकाखाली एक. मी ठरवलं होतं की आधी काकांशी बोलायचं. पण आजोबांनीच विचारलं, “डबी कुठे ठेवलीस?”

खोटं बोलवेना. मी सांगितलं. डबीचं, दाण्यांचं, तिळगुळाचं, गोळ्यांचंही. ते बराच वेळ तुक्कलांकडे बघत राहिले.

“मला थोडं थोडं कळतं गं,” ते म्हणाले. “एखादी गोष्ट केली की नाही, तिथे हात घातला की रिकामं लागतं. म्हणून मी करून टाकतो. न केल्यापेक्षा केलेलं बरं.” मग थोड्या वेळाने, “पण सरकारांना माझ्यामुळे झालं होय?”

“थंडीमुळेही झालं.”

“थंडीमुळेही,” ते म्हणाले. “तपासणी खात्यातल्या माणसाला गोड बोलून फसवू नये.”

आम्ही दोघं हसलो. मग त्यांनीच तोडगा काढला. कारखान्यात औषधाच्या प्रत्येक घाण्याची नोंद असायची. किती वाजता, किती वजन, करणाराची सही, तपासणाराची सही. माणूस कितीही हुशार असो, डोक्यावर विसंबायचं नाही, कागदावर विसंबायचं. “माझ्यापासून डबी लपवू नकोस,” ते म्हणाले. “मला कागद दे.”

दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, दाणे, करणार, तपासणार. ‘दाणे’ या रकान्यात तीन दिवस आजोबांच्या सुंदर अक्षरात ‘उपास’ असं लिहिलं गेलं. त्यांनी दिवसातून चार-पाच वेळा डबी मागितली, आणि दर वेळी मी काही न बोलता कागदाकडे बोट दाखवलं. ते वाचायचे आणि म्हणायचे, “हां. उपास.” एकदाही चिडले नाहीत. कागद त्यांच्याच अक्षरात होता.

सोळा तारखेला पहाटे मला मोठ्याने हाक ऐकू आली. मी धावत आले. आजोबा भिंग घेऊन बरणीवर वाकलेले. बरणीच्या तळाशी एक लांब तपकिरी दोरा पडला होता आणि सरकार त्याच्या वर, सरळ, दोन्ही पर पसरून पोहत होते. पोट अजून जरा वर आलेलं, पण बोराएवढं नाही. आजोबांनी खिडकी उघडून समोरच्या घराला सांगितलं, “सरकारांना झाली!” समोरच्या काकूंनी विचारलं, कोणाला? आणि मग सबंध गल्लीला कळलं. एका माशाच्या शी-साठी दोन घरांतून तिळाचे लाडू आले.

त्या दिवशी बाजार उघडला. मी मासेवाल्याकडून डाफ्निया आणला. म्हणजे पाण्यातल्या पिसवा, गोठवलेल्या. त्यांच्या कवचाने माशाचं पोट साफ राहतं. सतराला सकाळी उपास सोडला. अर्धा चमचाभर पाण्यात चार-पाच पिसवा. सरकारांनी एका दमात फस्त केल्या. कागदावर दोन सह्या झाल्या.

संध्याकाळी मंडळी परतली. चुलतभाऊ बूट न काढता बरणीकडे धावला. “ताई, हा कागद कसला?” मी सांगायच्या आधी आजोबांनीच सांगितलं, काहीही न वगळता. मुलगा ऐकत राहिला आणि म्हणाला, “मग तपासणार मी होतो.” काका मात्र आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. रात्री आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. काकू म्हणाली, दिसत होतं, पण वयाचं म्हणून सोडून देत होतो. सगळ्यांनीच सोडून दिलं होतं. मीही, रोज फोनवर.

माझी रजा संपायच्या आत काका त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, बी-१२, थायरॉइड. प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. बी-१२ कमी होतं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. बाकी पुढे बघायचं. पूर्ण जाणारं दुखणं नाही, हे आम्हाला कळलं आहे. पण गोळ्या आता आठवड्याच्या सात खणांच्या डबीत असतात, आणि त्या दोनदा जात नाहीत.

सरकारांनाही मोठं घर मिळालं. वीस लिटरची टाकी, छोटा हीटर, पाणी सव्वीसवर. ज्यांच्या घरी बेट्टा आहे त्यांना माझं एवढंच सांगणं : पाणी थंड पडू देऊ नका, दाणे मोजून द्या, आठवड्यातून एक दिवस उपास ठेवा, आणि पोट फुगलं तर आधी खवले बघा, मग औषध. आणि डबी वेळेआधी संपत असेल तर माशाबरोबर घरातल्या माणसांकडेही बघा.

पुढच्या वेळी तुम्ही बडोद्याला आलात, तर काळ्या घोड्याच्या पुलावर हिवाळ्यात सकाळी जरूर थांबा. मगर दिसेल. तिथून कमाटीबागेत गेलात तर संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, तोही बघा. लहानपणी त्याच्यासमोर उभं करून आजोबांनी मला विचारलं होतं, याला दिवसाला किती दाणे लागत असतील? ती आठवण मी परवा त्यांना फोनवर सांगितली. त्यांना ती सगळीच्या सगळी आठवत होती. मी त्या दिवशी कोणता फ्रॉक घातला होता तोसुद्धा.

रोज रात्री चुलतभाऊ मला कागदाचा फोटो पाठवतो. कालचा आला : तापमान २६, दाणे २. त्यापुढे आजोबांनी स्वतःहून वाढवलेला नवा रकाना, ‘माझी गोळी’ : १. करणार, आजोबांची सही. तपासणार, पेन्सिलने केलेली एक वाकडी सही.